पंख्यातलं खोबरेल

रिता : बाबा, हात नका लावू, कॉम्प्युटरचा डबा तापला आहे. दुरुस्तीवाला कैलाश अड्याळहून निघाला. तो येईपर्यंत बंद करून ठेवा.

वासुदेवराव : बंद ठेवू? अवं माय, तिसरा अंक अर्धा आहे! दिघोरीत मंडळी तालमीले बसली.

रिता : माझ्या लॅपटॉपवर लिहा ना.

वासुदेवराव : तुझ्या लॅपटॉपवर! नायिकेनं ‘काहून’ म्हटलं का खाली लाल रेघ. जशी मास्तरीणबाईच बसली आत! इतकी वर्षं नाटकं लिहून राहिलो, या जुन्या प्रोग्रामनं मले एकदा तरी टोकलं का?

रिता : म्हणूनच जीव घाबरते माझा. सारी नाटकं याच्याच पोटात. दर दिवाळीले म्हणते, कॉपी करू द्या.

वासुदेवराव : केली होतीस ना एक? काय दिसलं? नुसते इंग्रजी किडेमुंगळे!

रिता : ते फॉन्टचं होतं, बदलता येते; तुम्ही पुसायलेच लावलं. अन् छापलेल्या प्रती?

वासुदेवराव : दिल्या मंडळांले, कोण परत देते? ठेवून तरी काय करू, मले सारं तोंडपाठ आहे. मशीन गेली म्हणून नाटक जाते का? ...हा कैलाश कोण?

रिता : दुरुस्तीवाला, बाबा. आत्ताच तर सांगितलं. थांबा, हा आतला पंखा काहून फिरत नाही? पांढरं काय जमलं त्याच्यात?

वासुदेवराव : कुरकुरत होता. तुझी आई शिवणमशीनले तेल द्यायची, तसं दिलं थोडं, गरम करून.

रिता : कोणतं तेल?

वासुदेवराव : खोबरेल.

रिता : या थंडीत? अहो, बाटलीत दगड होते त्याचा! किती टाकलं?

वासुदेवराव : काल टाकलं. सकाळी टाकलं का नाही... बाटली तर रिकामी दिसली मले.

रिता : जळका वास येऊन राहिला. सरका बाबा, सरका!

(फट्‌ असा आवाज.)

वासुदेवराव : स्क्रीन काहून काळी झाली?

रिता : धूर निघाला. वायर ओढली मी. बाबा, गेलं हो सारं...

वासुदेवराव : रडते काहून? मी आहो ना! कागद घे. पहिलं नाटक, पहिला अंक. सून अंगणात धान पाखडून राहिली, सासरा बांधावरून येते. लिही.

रिता : लिहिलं. सासरा काय म्हणते?

वासुदेवराव : सासरा म्हणते...

रिता : बाबा?

वासुदेवराव : थांब माय. मशीन चालू कर जराशी, पाहून सांगतो.