चिंचेपर्यंत ओसरलेलं पाणी

नाशिकच्या एस.टी. स्टँडवर धरणाकडच्या गाडीला रांग लागली होती. जयरामच्या पुढं दोघी नणंद-भावजया उभ्या होत्या. भावजय कालच नेपाळची यात्रा करून आलेली.

"वैनी, काठमांडू कसं हाय गं?"

"लय जुनं. लाकडी खिडक्यांवर मोर कोरलेत. स्तूपावर बुद्धाचे डोळे काढलेत, कुठंबी जा, आपल्याकडंच बघत्यात."

"आन् तळ्याची गोष्ट?"

"तिथं पहिलं नुसतं तळंच होतं म्हणं. मंजुश्री बोधिसत्त्वानं तलवारीनं डोंगर कापला. पाणी वाहून गेलं, तळाशी शहर वसलं. ती खिंड दाखवली आम्हाला."

"आपल्याकडं उलटंच की. गावाचं तळं केलं."

"त्या कड्याला हात लावला आन् मला रडूच फुटलं. बाया म्हणल्या, शकुबाई, यात्रेत कशाला रडता?"

"मग?"

"काय सांगू त्यांना? माझी चार वर्सांची सोनी चिंचेखाली पुरलीय, तिच्यावर धरणाचं पाणी हाय म्हणून? चांगुणा, चिंच दिसंल नं आज?"

"दिसंल. आमचे कारभारी कालच बघून आले. बहात्तरच्या दुष्काळानंतर यंदाच बुंधा उघडा पडलाय."

"मग तिथंच बसते जरा. निजताना रोज नवी गोष्ट मागायची. ही सांगते तिला."

गाडी लागली. रेटारेटी सुरू झाली. जयरामनं हात आडवा धरून मागची गर्दी थोपवली.

"मावशी, तुम्ही चढा आधी."

पायरीवर पाय ठेवून शकुबाई थांबली.

"चांगुणा, तलवारीचं ऐकून भिणार तर नाय ना गं ती?"