भाडं दुप्पट करा

अरे, ऐका तर! बसचं भाडं वाढवायचंय म्हणून प्रवाशांचं मत विचारायला आमची ताई थांब्यावर उभी होती. रांगेत एक काका-काकू होते, त्यांना तिने साधंच विचारलं, "आठवड्यातून किती वेळा बसने जाता?"

"मी रोज जातो. हिच्या नावापुढे शून्य टाका, ही घरीच असते."

"दोनदा टाक गं माझ्यापुढे."

"दोनदा? कुठे जातेस तू?"

ताईला वाटलं, झक मारली आणि विचारलं. पण पुढचा प्रश्न तर घ्यायलाच हवा. "कशासाठी जाता काकू? काम, दवाखाना, नातेवाईक?"

"नातेवाईक."

"कोण नातेवाईक?"

"लेक."

"आपल्याला लेक नाही. ती पळून जाऊन लग्न करून बसली, त्याच दिवशी सांगितलंय मी."

"तुम्ही सांगितलंत. मी कुठे हो म्हटलं होतं?"

"हळू बोल, लोक बघतायत."

"बघू देत. दोन वर्षं हळूच बोलतेय."

ताईने मध्ये पडून पाहिलं. "काका, भाडेवाढीबद्दल तुमचं मत..."

"दुप्पट करा! तिप्पट करा! बघतोच कशी जाते ती."

"चालत जाईन."

"चालत? या गुडघ्यांनी?"

"तीन तर थांबे आहेत."

बस आली, रांग पुढे सरकली. काका मात्र जागचे हलेनात.

"तीन थांबे? एवढ्या जवळ राहते?"