जोडाच्या खालची फूट

मंडळी, ऐका! आज कीर्तनाला एकच प्रश्न घेऊन उभा आहे. माणूस आशेवर जगतो, असं आपण म्हणतो. मग ती आशाच खोटी निघाली, तर ती मोडणं पुण्य की पाप? बोला! पुढचे पाटील मान हलवताहेत, पण हो म्हणून की झोपेनं, ते काही कळेना.

तर अंबडच्या बाजूचं एक गाव. तिथला लिंबाजी. नाव लिंबाजी, पण बाग मोसंबीची बरं का! दोनशे झाडं. दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली, बाग उभ्या उभ्या वाळली. तिसऱ्या वर्षी पाऊस झाला आणि महिन्याभरात झाडांना बुडाशी फूट आली. हिरवीगार, लुसलुशीत! लिंबाजीनं गावभर पेढे वाटले. जो तो बांधावर जाऊन म्हणाला, देवानं केली बाबा! पेढा तोंडात असला की माणूस दुसरं काय बोलणार?

लिंबाजीनं ठरवलं, ही बाग आता हातची जाऊ द्यायची नाही. ओढ्याकाठचं दोन एकर काळं रान विकायचं आणि बागेसाठी नवी विहीर पाडायची. सोमवारी गिऱ्हाइकाकडून विसाराचे पैसे घ्यायचे. अहो, त्याच रानानं दुष्काळातही घरापुरती ज्वारी दिली होती!

गावात सखाहरी तात्या होते. रोपवाटिकेत तीस वर्षं डोळे भरलेला माणूस. डोळे भरणं म्हणजे काय? खुंट लावायचा जंबेरीचा, म्हणजे रानटी, आंबट लिंबाचा. जमिनीपासून वीतभर वर त्यात मोसंबीच्या फांदीवरचा डोळा बसवायचा, तोच जोड. मूळ जंबेरीचं, फळ मोसंबीचं. लिंबाजीच्या बागेतला एकेक डोळा तात्यांनीच बसवलेला.

रविवारी तात्या बागेत गेले. फूट पाहिली आणि ते खाली वाकले. फूट जोडाच्या खाली होती! पान चुरगाळलं, वास लिंबाचा. जोडाच्या वर नखानं साल खरवडली, आत कोरडं ठाक. पाच-सहा झाडं पाहिली, सगळीकडं तेच. मोसंबी मेली होती. हिरवं दिसत होतं ते जंबेरीचं.

तेवढ्यात लिंबाजी आला, मागोमाग त्याची बायको गयाबाई चहा घेऊन आली. दोन वर्षांनी ती बाई हसत होती हो! तात्यांना वाटलं, मुकाट चहा प्यावा आणि घर गाठावं. आपण कशाला वाईटपणा घ्या? खरं सांगा मंडळी, तुम्ही काय केलं असतं? चहा पिऊन आला असता! मीही आलो असतो.

तात्यांनी कप खाली ठेवला. "लिंबाजी, ही मोसंबी नाही. रान विकू नको."

लिंबाजी भडकला. तुमची कलमंच कच्ची निघाली म्हणाला, दुसऱ्याचं बरं झालेलं तुम्हाला बघवत नाही म्हणाला. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डोळे मी बसवलेत, म्हणून मीच सांगायला पाहिजे. चल, एकेक झाड बघू. साल तू खरवड."

दोघं निघाले. दहा-वीस झाडं लिंबाजी तणतणत होता. चाळिसाव्या झाडापासून तो न सांगता स्वतःच पुढच्या झाडाकडं जायला लागला. जे जिवंत निघेल त्याला गयाबाई लुगड्याची चिंधी बांधत होती. दुपार कलली तेव्हा दोनशेत सव्वीस चिंध्या झाल्या होत्या. लिंबाजी बांधावर बसून लहान लेकरासारखा रडला. तात्या उठून गेले नाहीत, शेजारी बसून राहिले. मग हळूच म्हणाले, सव्वीस झाडांना आहे तीच विहीर पुरेल. बाकीची काढ, तिथं हरभरा पेर, आणि काळं रान राख.

लिंबाजीनं डोळे पुसले. म्हणाला, "कुऱ्हाड माझ्यानं उचलणार नाही, तात्या."

सोमवारी विसार झाला नाही. सकाळीच तात्या कुऱ्हाड घेऊन हजर झाले. स्वतःच्या हातानं जोडलेलं पहिलं झाड त्यांनी स्वतः तोडलं. दुसऱ्या झाडाला लिंबाजीनं त्यांच्या हातून कुऱ्हाड घेतली.

आता माझं तुमच्याशी बोलणं आहे. तुमच्याही ओळखीत असा एकजण आहे, फसव्या हिरव्यावर घरदार लावायला निघालेला. तुम्हाला दिसतंय. आणि तुम्ही गोड बोलून, मान डोलावून आला आहात! कीर्तन संपलं की माझ्या पाया पडायला रांग लावू नका. आधी त्याच्या दारात जा. खरं बोला. तो चिडेल, शिव्या देईल, ऐकून घ्या. आणि तोडायचा दिवस येईल तेव्हा त्याच्या शेजारी उभे राहा. तेवढं करून या, तुमच्या पाया मी पडतो.