शेवंतीपाशी न थांबलेलं ताट

मंडळी, गोड गळ्याने कीर्तन करायचं आज जमणार नाही. राग आलाय! एक विचारतो, सरळ उत्तर द्या. देवासमोर हात जोडता, ते तो देणार असं धरून, की नाही देणार असं धरून?

बरं. मग ऐका.

समुद्रकाठची एक वाडी. तिथल्या शेवंतीचा नवरा धर्माजी होडी घेऊन मासे धरायला गेला आणि वादळात सापडला. बाकीच्या होड्या परतल्या. वादळही ओसरलं. धर्माजी नाही! सगळी वाडी ग्रामदेवतेच्या देवळात जमली. मानकरी नाना गाऱ्हाणं घालायला उभे राहिले —

"बा देवा महाराजा! ह्या लेकराचो घोव दर्यात अडाकलो हा. तेका सुखरूप घराक हाड रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळी वाडी गरजली. कौलं हादरली हो! शेवंतीला धीर आला. एवढ्या गळ्यांनी मागितलंय, आता माझा माणूस येणारच!

मग? रिवाजाप्रमाणे सुभद्राकाकी हळदीकुंकवाचं ताट घेऊन निघाल्या. सवाष्णींच्या रांगेत शेवंती बसलेली. अलीकडच्या बाईला कुंकू लागलं. ताट शेवंतीपाशी आलं — आणि पुढे गेलं!

कळलं का, मंडळी? तोंडातला 'व्हय महाराजा' अजून विरला नव्हता, आणि बाईला विधवा करून मोकळे!

शेवंतीच्या अंगाची लाही झाली. उठून तिने ताटाची कड धरली.

"काकी, माका कित्याक सोडलात?"

"अगो, तसा न्हय... तुझ्या मनाक लागात म्हणान..."

"आणि आता देवाकडे काय मागलात?"

नाना गुरगुरले, "शेवंते! देवळात आवाज चढवू नको!"

"मघाशी तुमी चढवलात तो कोणासाठी, नाना?" तिने बोट बुडवलं आणि कपाळभर कुंकू ओढलं. "माझो घोव येतलो! तुमकाय तसा वाटता तर दर्यावर चला. नाय वाटणा तर घंटा बडवून देवाची झोप मोडू नकात!"

देवळाच्या अंगणातल्या सुक्या झावळ्यांचा भारा डोक्यावर घेऊन ती चालू लागली. आणि वाडीकर? एरवी आरती संपायच्या आत ज्यांना चपला सापडतात, त्यांना त्या दिवशी सापडेनात! शेवटी सुभद्राकाकींनी ताट खाली ठेवलं आणि अनवाणीच निघाल्या. मग लाजेकाजेने सगळे.

दिवस कलला होता. वाळूवर झावळ्या पेटल्या. आणि बाहेर, पाण्यावर, धर्माजी होता! इंजीन बंद, वल्ही मारून तळहात सोललेले. समोर नुसता धूसर किनारा, दोन्ही अंगाला खडक. मधली वाळू कुठे? तेवढ्यात जाळ दिसला. त्याने होडी तिकडे वळवली. लाटेने ती आडवी फेकली, तेव्हा माणसं कंबरभर पाण्यात उभी होती. धरली! ओढली! शेवंतीने त्याच्या तोंडावरचं मीठ पदराने पुसलं आणि मग पहिल्यांदा रडली.

देवाने कमी काय केलं? होडी दारात आणली होती! वाडी देवळातच बसती, तर ती खडकावर फुटती. आणि हेच लोक म्हणाले असते, देव पावला नाही!

हसू नका! आजारी आईसाठी नवस बोलता, आणि पायरी उतरताना तिची खोली कुणाला द्यायची ते ठरवता. हे मागणं? ही देवाची थट्टा आहे!

आता आरती होईल. मग हळदीकुंकवाचं ताट फिरेल. मी इथेच उभा आहे. बघतो, ते कुणाला ओलांडून जातं!