शिकलेली लेक

हॅलो?… कोण, केमुंतो? अगं शंभर वर्षं आयुष्य आहे तुला! आत्ताच तुझ्या साहेबाचा फोन येऊन गेला…

हो, नैवाशाहूनच. मुकादम आहे म्हणाला. मी चुलीवर ओबोकिमाचं पीठ घोटत होते, तश्शीच उठले… का गं, किंचाळतेस का?… वाईट कशाला बोलेन? तुझं कौतुकच केलं मी.

किती शिकलीय विचारलं त्यानं. सांगितलं. विद्यापीठाची पदवी, रसायनशास्त्राची, तीही पहिल्या वर्गात. चर्चच्या मंडळींनी वर्गणी काढून शिकवली, पास झाली तेव्हा बैल कापला, बायका फाट्यापासून घरापर्यंत गात आल्या… सगळं सांगितलं. काळ्या डगल्यातला फोटो भिंतीवर आहे, तेही सांगितलं.

केमुंतो?… रडतेस तू?

हळू बोल. मला कळेल असं सांग… आठवी? आठवी पास लिहून दिलंस? अगं, आठवी तर इथं केळी विकणाऱ्या पोरीसुद्धा… बरं बरं, ऐकते.

म्हणजे ऑफिसात नाहीसच तू… गुलाबांच्या जुड्या बांधतेस. त्या थंड खोलीत, दिवसभर उभी… म्हणून तो खोकला. आणि मला म्हणालीस, एसी लावलाय.

पण शिकलेली का नको त्यांना?… सह्या करायच्या आधी कागद वाचतात म्हणून?… देवा रे. मग शिकवायचं तरी कशाला पोरांना?

हो, हो… अगं ऐक ना. मामाच्या ओळखीनं दुसरीकडे बघू की… ओरडू नकोस. ठाऊक आहे मला, चपला झिजवल्यास. शाळेतली नोकरीसुद्धा सुट्टी लागली की संपायची, ठाऊक आहे…

आजच कायम करणार होते?… जळलं मेलं माझं तोंड.

नाही गं, बोलणं पुरतं झालंच नाही. मध्येच फोन तुटला. "नक्की हीच का हो?" म्हणत होता. परत करतो म्हणालाय…

मग काय सांगू त्याला?… दुसरी कोणी होती म्हणू? तुझ्या पाठीवर सगळे मुलगेच… थोरली बहीण? तुला कुठली थोरली बहीण?… आणि त्यानं विचारलं, एवढी शिकलेली, आता कुठं असते, तर?

असं अभद्र बोलू नये, पोरी… नाही, मला नाही जमायचं. रविवारी पाद्रीबाबांसमोर कोणत्या तोंडानं उभी राहू?…

हो… कळतंय. भाड्याच्या खोलीतून बाहेर काढतील, कळतंय… तूच म्हणतेस ना हे?… बरं. बरं, बाळा.

थांब, मध्येच काहीतरी वाजतंय… त्याचाच दिसतोय. ठेव तू. काहीतरी खाऊन घे.

हॅलो?… हो साहेब, मीच केमुंतोची आई… आठवीच, साहेब. कागद वाचायची सवय नाही तिला. सही येते तेवढी… ती शिकलेली? छे, ही नव्हे. ती माझी थोरली… घोटाळा झाला माझा, म्हातारी बाई मी…

नाही, कुठं नोकरीला नाही ती… गेली, साहेब. पास झाली, आणि त्याच वर्षी गेली… हो, फार हुशार होती.

ही तशी नाही. हिला तेवढी ठेवून घ्या.