बंदीचा डोह

हेल्मी : ते भांडं मी तुला घासूनपुसून परत दिलं होतं, ताई.

यस्निदार : दिलं असशील. काठाच्या खाचेत हे राहिलं. बघ.

हेल्मी : काय आहे?

यस्निदार : लिंबाची साल. वाळून कडक झालीय. पोराचं जावळ आहे म्हणून आबांचं तांब्याचं भांडं नेलंस ना? जावळाला लिंबू कधीपासून लागायला लागलं?

हेल्मी : बायकोनं मासे धुतले असतील त्यात.

यस्निदार : आबांच्या भांड्यात? तुझी बायको धांदरट आहे, पण एवढी नाही. हेल्मी, लहानपणापासून हे भांडं मी उचलून दिलंय आबांच्या हातात. डोहावर बंदी घालताना त्यात हळद नि तांदूळ. बंदी उठवताना लिंबू. आबा गेल्यावर या गावात डोहाकाठी बसून कुराणातलं यासीन वाचणारा, बंदी घालणारा नि उठवणारा तू एकटा.

हेल्मी : हळू बोल. दाजी झोपलेत ना?

यस्निदार : त्या फुगलेल्या पोटानं झोप लागते का माणसाला? भिंतीकडे तोंड करून पडलेत, रविवारपासून.

हेल्मी : त्याच दिवशी मी बंदी उठवली ती सगळ्यांच्या देखत. तेव्हाचं लिंबू असेल.

यस्निदार : रविवारी तू मशिदीतलं चिनीमातीचं भांडं वापरलंस. मला तेव्हाच खटकलं होतं. आबांचं का नको, म्हणून विचारलं, तर म्हणालास, ताईला कशाला त्रास. मला वाटलं, भावाला माझी काळजी आहे! केवढी मूर्ख मी.

हेल्मी : तसं नाही गं...

यस्निदार : मग कसं? वर्षभर सगळं गाव त्या पाण्यापासून लांब राहिलं. घरात नुसता भात नि मिरची असतानाही कुणी गळ टाकला नाही. शाळेचं छप्पर घालायचं होतं त्या माशांवर. आणि रविवारी जाळ्यात काय आलं? बोटाएवढी पिल्लं. मग सगळ्या नजरा कुठे वळल्या, ते तू पाहिलंस. माझ्या नवऱ्याच्या पोटाकडे.

हेल्मी : मी त्यांना चोर म्हटलं का?

यस्निदार : नाही म्हटलंस. तू मान खाली घालून दोर गुंडाळत होतास. म्हातारी सिती ओरडत होती, बंदीचं चोरून खाल्लं की पोट फुगतंच, घरजावई शेवटी परक्या खोऱ्यातला. आणि डोहाचा राखणदार दोर गुंडाळतोय! मला वाटलं, माझ्या भावाला दाजींची लाज वाटतेय.

हेल्मी : मळ्याच्या साहेबाकडे लग्न होतं.

यस्निदार : बोल.

हेल्मी : त्याला पाहुण्यांना गारिंग मासे खिलवायचे होते. हातभर लांबीचे. तसले आता या डोहाशिवाय मिळतात कुठे? आणि त्याच्या मळ्यावर मुकादमाची जागा रिकामी होती. ताई, या नदीत राहिलंय काय? वर वाळू उपसतात, खाली पाणी बघ, चहाचा चोथा धुतल्यासारखं. दिवसभर जाळं टाकावं नि चटणीपुरते मासे घेऊन यावं. माझ्या पोरांनी हेच करायचं? नाहीतर परमुलुखात जाऊन दुसऱ्याच्या भिंती रंगवायच्या?

यस्निदार : पोरं गावातल्या सगळ्यांनाच आहेत.

हेल्मी : ठाऊक आहे.

यस्निदार : आणि मासे धरायच्या आधी तू बंदी उठवून घेतलीस. एकट्यानं.

हेल्मी : मग काय करणार? तसाच हात घातला असता आणि माझ्या पोराचं पोट फुगलं असतं तर?

यस्निदार : म्हणजे चोरीची लाज नव्हती. पोटाची भीती होती.

हेल्मी : आबांनी शिकवलेलं आहे, ताई. ते खोटं कसं मानू?

यस्निदार : त्यातलाच एक मला आणून दिलास. बाजारातला आहे ताई, दाजींना आवडतो, म्हणालास. मी ड्यूरियन फळाचा आंबवलेला गर घालून रस्सा केला. डोक्याचा तुकडा त्यांना वाढला. या हातांनी!

हेल्मी : पण डोह तेव्हा मोकळा होता ना! त्या माशानं काही होत नाही. त्यांचं दुखणं वेगळं आहे.

यस्निदार : हेच त्यांना सांग! नर्सबाई सांगून दमली, यकृत बिघडलंय, पोटात पाणी झालंय, शहरात नेलं तर काढता येईल. हे ऐकतच नाहीत. म्हणतात, बंदीचं पाणी डॉक्टरच्या सुईनं निघत नाही, गावानं माफ केलं तरच उतरेल. आज इस्पितळाची होडी येतेय. ही चुकली तर पुढची कधी, देव जाणे. नर्सबाईनं मला बाजूला घेऊन सांगितलंय, आता थांबू नका.

हेल्मी : मी नेतो त्यांना. उचलून होडीत बसवतो.

यस्निदार : आणि तिथे? सुई टोचू देणार नाहीत ते. हेल्मी, मीसुद्धा त्यांना विचारलं. तुम्ही डोहाला हात लावलात का? एवढ्या वर्षांचा संसार, आणि मी तोंड वर करून विचारलं. ते भिंतीकडे वळले. तुझ्यामुळे मी माझ्या माणसावर संशय घेतला.

हेल्मी : मुकादमाच्या नेमणुकीची चिठ्ठी हातात पडू दे. मग सांगतो सगळ्यांना. आत्ता सांगितलं तर गाव मला उभं करणार नाही, साहेबही हात झटकेल. थोडं थांब.

यस्निदार : माझ्या मुलांचा मामा आहेस तू. या घरात काही झालं तर पहिल्यांदा ज्यानं धावून यायचं, तो माणूस. आणि मला थांब म्हणतोस?

(आतली चटई सरकते. यस्निदारचा नवरा जामरिस भिंत धरत दारापर्यंत येतो आणि उंबऱ्यावर बसतो.)

जामरिस : बांबूची भिंत आहे रे, हेल्मी. हळू बोलून काय उपयोग?

यस्निदार : तुम्ही कशाला उठलात!

जामरिस : मासा डोहातला आहे, हे मला पहिल्याच घासाला कळलं होतं. तसली चरबी बाजारातल्या माशाला नसते.

यस्निदार : मग खाल्लात कशाला? टाकून द्यायचा होता!

जामरिस : तू समोर बसून विचारत होतीस, जमलाय का रस्सा. भावानं आणला म्हणून केवढी खुशीत होतीस.

यस्निदार : आणि मी विचारलं तेव्हा? तेव्हा तरी सांगायचं!

जामरिस : काय सांगणार? तुझा एकुलता एक भाऊ. आणि जाणूनबुजून खाल्लं होतं मी. पोट फुगायला लागलं, म्हटलं, बरोबरच आहे.

हेल्मी : दाजी, त्या माशाला बंदी नव्हती. मी आधीच उठवली होती. तुमच्यावर काही दोष नाही. हा नुसता आजार आहे.

जामरिस : आधीच?

हेल्मी : जाळं टाकायच्या आधी.

जामरिस : म्हणजे त्या घासात काहीच नव्हतं.

हेल्मी : नव्हतं.

जामरिस : मशिदीत रोज नमाजाला माझ्या शेजारी उभा असायचास तू. मी कशाची माफी मागतोय, ठाऊक होतं तुला?

हेल्मी : पोटाकडे बघून... अंदाज होता.

यस्निदार : भोंगा वाजला. होडी आली. चला, डॉक्टरला हात लावू द्याल ना आता?

जामरिस : देईन.

हेल्मी : ताई, ते भांडं कशाला घेतेस?

यस्निदार : घाटावर सगळं गाव असेल. सितीसुद्धा. साल आत आहे तशीच ठेवलीय. तू सांगितलंस तर बरं, नाहीतर मी सांगेन.

हेल्मी : ...सांगतो. मीच सांगतो. दाजी, पायऱ्या ओल्या आहेत. माझ्या खांद्यावर हात टाका.

जामरिस : राहू दे. तुझ्या खांद्याला खांदा लावून पुष्कळ उभा राहिलो.