तीन मिक्सर

विजेच्या जुन्या वस्तू जमा करायची मोहीम देशभर चालू होती. बंद पडलेली इस्त्री घेऊन रांगेत उभ्या असलेल्या मुलीने कान टवकारले. पुढच्या आजोबांनी टेबलावर, मोहिमेच्या ताईंसमोर, तीन मिक्सर मांडले होते; शेजारी आजी उभ्या होत्या.

"तिन्ही हिनेच जाळले. हिच्या हातात यंत्र टिकतच नाही."

"सहा वर्षं हेच ऐकतेय मी."

"आजोबा, मोडीत काढण्याआधी आम्ही चालवून बघतो हं."

"बघा की! कधीच मेलेत ते."

घर्रर्र!

"अहो, हा चालला! दुसराही! तिसरासुद्धा! घरचं सॉकेट तपासलंत का?"

"सॉकेट? ते तर मी स्वतः बसवलंय..."

"अगं बाई! आधी वन्संना फोन लावा."

"आत्ता?"

"आत्ताच. गावभर माझी कीर्ती त्यांनीच पसरवलीय. आणि ताई, मिक्सर बंद करू नका हो. तिन्ही एकदम चालू द्या, त्यांना नीट ऐकू जाऊ दे!"